मावशी मुद्दाम हरत नाही

कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. यंदा, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, चौतीस वर्षं पोरांना शिकवून निवृत्त झालेली मी, अडीच महिने रोज संध्याकाळी पाच वाजता टीव्हीसमोर उभी राहून एका यंत्राशी टेनिस खेळले आणि रोज मुद्दाम हरले. ते यंत्र म्हणजे कॅनडात राहणारी माझी नात आहे, अशी माझी ठाम समजूत होती. ही समजूत पहिल्याच आठवड्यात दूर व्हायला हरकत नव्हती. तेव्हा खोलीत एक बाई बसली होती, तिला खरं काय ते कळलं होतं आणि तिने ते चांगलं खणखणीत आवाजात सांगितलंही होतं. फक्त ते तिने मला सांगितलं नाही. माझ्या केरसुणीला सांगितलं.

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत जेवढे डोंगर आहेत तेवढे सगळे पालथे घातलेत तरी वस्तूंशी इतकं खरं बोलणारी दुसरी बाई सापडायची नाही. माणसांशी ती मोजकंच बोलते. ये, बस, जेव, जाते. या चार शब्दांत तिचं माणसांशी सगळं उरकतं. राग, लोभ, टीका, सल्ला, दुःख, असं जे काही बोलण्याजोगं उरतं ते ती हाताशी येईल त्या वस्तूला सांगते. चढावर जीप बंद पडली की ड्रायव्हरला एक शब्द नाही, बॉनेटवर हात ठेवून ती जीपला म्हणते, "काल कुठं जाऊन प्यायलीस, आन आता खोकतेस?" ड्रायव्हर मान खाली घालतो आणि जीप चालू होते. तिच्या सुनेच्या भाकरीच्या कडा जाड होतात ही गोष्ट गेली वीस वर्षं तिच्या पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, पण सासूने सुनेला ते एकदाही बोलून दाखवलेलं नाही. तव्याला बोलून दाखवलंय. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, नसेल ऐकायचं तर तवा बिचारा ऐकतोच, असा तिचा रिवाज.

मी तिला मावशी म्हणते. ती माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, पण मोखाडा तालुक्यातल्या ज्या आश्रमशाळेत मी पहिल्यांदा नोकरीला लागले तिथली ती स्वयंपाकीण होती, आणि शाळेतली सगळी पोरं तिला मावशी म्हणायची. त्या वेळची मी म्हणजे बघण्यासारखी वस्तू होते. वय बावीस, खळ घातलेल्या सहा सुती साड्या, एक छत्री, आणि बालमानसशास्त्राची स्वतःच्या हाताने उतरवलेली टिपणवही. पालघरहून एवढं सगळं घेऊन मी त्या डोंगरात ज्ञानाचा उजेड पाडायला निघाले होते. एसटीने फाट्यावर सोडलं, तिथून दीड तास चालून मी शाळेच्या दारात पोचले, तर चुलीपुढून एक काळीसावळी बाई उठली आणि म्हणाली, "आलीस? बस. जेव." मला भूक लागली होती, पण त्याहून जास्त राग आला. दोन वर्षं डी.एड. केलेल्या बाईला स्वयंपाकीण 'तू' म्हणते! मी तिथल्या तिथे, छत्रीसुद्धा न मिटता, तिला समजावून सांगितलं की शिक्षिकेला अहो-जाहो करायचं असतं. तिने ऐकून घेतलं. मग डाळीच्या पातेल्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस कं? आता तुलाबी अहो डाळ म्हनायला लागंल."

ओट्यावर बसून रजिस्टर लिहिणारे गणिताचे सर फिसकन हसले. पुढे दोन वर्षांनी मी त्यांच्याशीच लग्न केलं, यावरून त्या काळी मला किती समज होती याचा अंदाज करावा.

मावशी मला आजही 'तू'च म्हणते, आणि हाक मारते 'बाय'. तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च असतो. त्यात अनादर नसतो हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं. दुसऱ्या वर्षी मी त्याहून मोठं शहाणपण केलं. शाळेत स्नेहसंमेलन होतं, तालुक्याहून पाहुणे यायचे होते आणि पोरांचा तारपा नाच ठेवला होता. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांबलचक वाद्य. वाजवणारा मध्ये आणि नाचणारे कमरेला हात घालून त्याच्याभोवती. आता असा गोल धरला की निम्म्या पोरांची पाठ पाहुण्यांकडे. मी म्हटलं, छे, पाहुण्यांना चेहरे दिसले पाहिजेत. मी पोरांची सरळ रांग केली, तोंडं पुढे, आणि तारपेवाल्या म्हाताऱ्याला नेऊन मागच्या भिंतीशी उभं केलं. पडदा उघडला. म्हाताऱ्याने तारपा फुंकला. एक पोर हलेल तर शपथ. पुन्हा फुंकला. पोरं जशी फोटोला उभी. मी विंगेतून हात करते, डोळे वटारते, शेवटी रडकुंडीला आले. तेवढ्यात पाहुण्यांच्या चहाची किटली घेऊन उभी असलेली मावशी त्या किटलीला म्हणाली, आणि अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं, "तारप्याला पाठ दावून कोन नाचतं गं? देवाला पाठ दावावी तसं." मग तिने किटली खाली ठेवली, स्टेजवर गेली, म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला मधोमध आणून उभं केलं आणि आली तशी खाली उतरली. त्यानंतर पोरं अशी नाचली की स्टेजच्या दोन फळ्या निसटल्या. पाहुण्यांना पाठीच दिसल्या. त्यांनी पाठींना टाळ्या वाजवल्या.

वाद्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम मावशी सगळीकडे पाळते, आणि माझ्या घरात त्यावरून बरंच नुकसान झालेलं आहे. निवृत्तीनंतर हे आणि मी जव्हारला एस.टी. स्टँडच्या मागे घर बांधून राहिलो. मावशी दर बाजाराच्या दिवशी जीपने येते, टोपलीतलं विकून झालं की माझ्याकडे डोकावते. रेडिओवर किंवा टीव्हीवर गाणं चालू असलं की ती जाताना तोंड तिकडे ठेवून उलट्या पावली निघते. या पद्धतीने तिने आजवर माझी चपलांची मांडणी दोनदा पाडली आहे, आणि एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाला सरळ जास्वंदीत बसवलंय. रिकाम्या हाताने ती कधी येत नाही. पळसाच्या पानात बोरं, कंद, मूठभर वाल, काहीतरी असतंच. आणि चहा दिला की बशीत ओतून आधी एक थेंब जमिनीवर सांडते, मग पिते. बावीस वर्षांच्या मला तो अडाणीपणा वाटायचा आणि मी फडकं घेऊन तिच्या मागेच उभी असायची. आता फडकं घेऊन उभी राहत नाही. ती गेल्यावर पुसते.

चार वर्षांपूर्वी हे गेले. मुलगा आधीच कॅनडात स्थायिक झालेला. माणूस एकटं राहायला लागलं की घराला आवाज फुटतात, हे मला तेव्हा कळलं. फ्रिज खाकरतो, पाण्याची टाकी सुस्कारा टाकते, आणि तुम्ही "काय रे?" म्हणून त्यांना विचारायला लागता. मावशी वस्तूंशी का बोलते याचा उलगडा मला तेव्हा व्हायला हवा होता. पण मी तिला हसण्यात इतकी वर्षं घालवली होती की ती सवय मोडेना.

मागच्या डिसेंबरात मुलगा, सून आणि नऊ वर्षांची रेवा बारा दिवसांसाठी आली. बरोबर एक पेटी आणली होती. टीव्हीला जोडायची, हातात एक पांढरी दांडी धरायची, आणि दांडी हलवाल तसा पडद्यावरचा बाहुला हलतो. चेंडू फेकून बाटल्या पाडा, टेनिस खेळा, तलवारी चालवा. बारा दिवस घरात नुसता दंगा होता. मुलाने चेंडू फेकताना ट्यूबलाइट फोडली. सून, जी एरवी कपातला चहासुद्धा हळूच ढवळते, ती मुष्टियुद्धात नवऱ्याला बदडून काढायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. रेवाने सगळ्यांचे बाहुले बनवले. माझा बनवला, त्याला अंबाडा आणि माझ्याहून बरे दात दिले. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून बघून आजोबांचाही बनवला. टक्कल, चष्मा, जाड मिशी, निळा सदरा. "आजोबा पण टीममध्ये हवेत," म्हणाली. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी मोरीत जाऊन आले.

त्यातच बाजाराचा दिवस आला आणि मावशी दारात उभी राहिली. रेवाने तिच्या हातात दांडी दिली. मावशीने ती वरखाली पाहिली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि ज्या हाताने तिने शेकडो पोरांची खिचडी ढवळली होती त्या हाताने एकदा कोपरापासून घुसळलं. दहाच्या दहा बाटल्या आडव्या. मुलगा ओरडला, "मावशी, वन्स मोअर!" मावशी दांडीला म्हणाली, "उलथन्याची बहीण दिसतेस." त्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना हरवलं, रेवालाही. रेवाने ओठ काढला, तर माझा मुलगा कुजबुजला, "मावशी, एकदा तरी हर ना तिच्याशी." मावशीने ऐकलंच नाही असं केलं. रेवा मात्र रडायची थांबली आणि रोज दुपारी घुसळायचा सराव करू लागली. त्या संध्याकाळी मावशी निघाली तेव्हा रेवा म्हणाली, "थांबा, तुमचा पण बाहुला करते." मावशीने ताबडतोब दोन्ही हात हलवले. "नको. मी हाय ना हितं. मंग ती बाहुली कशाला?" आणि टीव्हीकडे तोंड करून उलट्या पावली चपलांच्या मांडणीवर.

मंडळी गेली. पेटी माझ्यासाठीच ठेवून गेली, "आई, तेवढाच व्यायाम होईल" म्हणून. टॅक्सीत बसताना रेवा म्हणाली, "आजी, मी तिकडून पण खेळेन हं तुझ्याशी." पोर बोलून गेली. मी ते धरून बसले.

चार दिवस पेटीकडे बघवेना. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, चुकून दोन कप चहा टाकला गेला म्हणून स्वतःवर चिडून, मी ती लावली. टेनिस निवडलं. पलीकडच्या बाजूला दोन वेण्या आणि लाल फ्रॉक घातलेली रेवा उभी. डोक्यावर इंग्रजीत तिचं नाव. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. तुम्ही काहीही म्हणा, मला दुसरं काही सुचलंच नाही. आपल्याकडे पाच म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. म्हणजे पोर शाळेच्या आधी, आईबापाच्या नकळत उठून माझ्याशी खेळायला येते! घरात तिला टीव्हीची बंदी आहे हे मला माहीत होतं. मग काय, मीही कटात सामील. रविवारी मुलाचा फोन यायचा, मी चकार शब्द काढायची नाही. रेवा पाच मिनिटं फोनवर यायची, तेव्हा मी आवाज खाली आणून विचारायची, "मज्जा येते ना गं?" ती म्हणायची, "हो आजी." कशाची, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रोज साडेचारला मी तोंड धुऊन, बरी साडी नेसून तयार. खेळता खेळता तिला जव्हारच्या बातम्या सांगायची: आज धुकं फार, आज मोखाड्याची गाडी आलीच नाही, दाभोशाचा धबधबा आटत आला, तू पाहिलास तेव्हा बरा होता. एकदा डिंकाचे लाडू केले तेव्हा एक टीव्हीसमोर धरूनही दाखवला. आणि न चुकता हरायची. चेंडू आला की दांडी जरा उशिरा हलवायची, एवढीच युक्ती. ती जिंकली की दोन उड्या मारायची, अगदी तिच्यासारख्या. (त्या पेटीतलं प्रत्येकजण तशाच दोन उड्या मारतं, हे पुढे कळलं.) हरलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी यावंसं वाटत नाही, एवढं बालमानसशास्त्र माझ्या टिपणवहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात बाजाराचा दिवस आला. मावशी माझ्या मागे जमिनीवर बसून बघत होती. मी ऐटीत सांगितलं, "रेवा आहे ती. तिकडून खेळते." मावशी पुढे सरकली आणि पडद्याला म्हणाली, "पोरी, जेवलीस कं?" थोडी थांबली. पुन्हा विचारलं, "जेवलीस कं, पोरी?" पडद्यावरची रेवा चेंडू टप्पे टप्पे करत राहिली. मावशीने शेजारच्या केरसुणीवर हात ठेवला. "जेवलेलं पोर सांगतं. उपाशी पोरबी सांगतं. ही कोन म्हनायची?" मला तिची कीव आली. म्हटलं, बिचारीला आता तंत्रज्ञान काय समजावणार?

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मावशी दर बाजाराला येई, बसे, मला हरताना बघे. दिवाळीनंतर तिचा मुलगा, सून आणि तिन्ही नातवंडं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. शिमग्याला मात्र आठवडाभर यायची. त्यांची आठवण तिने माझ्याजवळ कधी काढली नाही. मीही विचारलं नाही. मला पाचच्या आत चहा उरकायचा असे.

आणि मग मार्चमधला तो दिवस. मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. मी चहा गाळून गाळणी खाली ठेवली, तिने ती उचलली आणि हळू आवाजात गाळणीला म्हणाली, "औंदा शिमग्यालाबी नाय येत ती." मी ऐकलं. शपथेवर सांगते, नीट ऐकलं. पण घड्याळात पाच वाजत होते. मी नुसतं "हं" म्हटलं. त्यातच दुसऱ्या शेगडीवर दूध वर आलं, तेव्हा मी घाईने म्हटलं, "मावशी, तू जा पुढे, पेटी लावलेली आहे, दोन डाव खेळ तिच्याशी. नाहीतर वाट बघून जाईल पोर. आणि हळू हं, हरव नको."

मावशी उठली. मी दूध उतरवलं, ओटा पुसला, कपबश्या घेतल्या. बाहेरून टाळ्या ऐकू आल्या, मग तुताऱ्या. अशा तुताऱ्या अडीच महिन्यांत वाजल्या नव्हत्या.

"अगं, हरवलंस की काय तिला!" मी धावले.

मावशी दांडीला समजावत होती, "पोरांशी खोटं खेळू नाय. त्यांला कळतं."

मी काही बोलणार, तोच पडदा बदलला. लाल फ्रॉक नव्हता. टक्कल, चष्मा, जाड मिशी, निळा सदरा. डोक्यावर यांचं नाव. आणि यांनी माझ्याकडे बघून, रेवा हलवायची अगदी तसाच, हात हलवला.

मी आधी हसले. हसू येण्यासारखंच होतं ते. हा माणूस हयातीत एकदाच धावला होता, एसटी सुटली म्हणून, आणि तीही मिळाली नव्हती. समोरचा पानाचा डबा हवा असला तरी मला हाक मारायचे. ते आता पायांवर नाचत, रॅकेट फिरवत, चेंडू असा मारत होते की पडदा फुटेल. मावशीला मात्र कसलंच नवल वाटलं नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, म्हणाली, "सर आले," आणि दांडी स्टुलावर ठेवून दिली. "सरांवर दांडकं नाय उगारत," हे स्टुलाला. चेंडू येत राहिले, जात राहिले. मग तिने माझ्या हातातला कप घेतला, चहा बशीत ओतला, एक थेंब जमिनीवर सांडला, आणि टीव्हीकडे बघून आणखी एक. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेली चार वर्षं मी तिच्यामागे दोन डाग पुसत होते. मी कधी मोजलेच नव्हते.

हे जिंकले. यांनी दोन उड्या मारल्या. रेवासारख्याच.

जो माणूस कुठेच नाही तो जर इतकं छान खेळत असेल, तर खेळायला कुणी कुठे असायची गरज नसते. इतकं साधं गणित. सर असते तर म्हणाले असते, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही सुटलं असतं. मी कपबशी घेऊन तशीच उभी राहिले. पडदा पुन्हा बदलला आणि दोन वेण्यांची रेवा परत आली. मी म्हटलं, "रेवा?" अडीच महिने मी तिच्याशी बडबडत होते, पण हाक मारून उत्तरासाठी थांबले ती तेव्हाच पहिल्यांदा. ती चेंडू टप्पे टप्पे करत होती.

रविवारी फोनवर मी तरीही विचारलं. आशा ही फार निर्लज्ज असते, माझी तर जास्तच. "रेवा, तू संध्याकाळी त्या पेटीत येतेस का गं, माझ्याशी खेळायला?" ती म्हणाली, "कुठली पेटी?" मग जरा थांबून, "अच्छा, तो जुना गेम! अजून चालतो तो?" मागून मुलाने समजावून सांगितलं. ती पेटी बाहेर कशालाच जोडलेली नाही. समोर कोण उभं करायचं ते पेटीच ठरवते. तुम्ही हरलात की सगळ्यात सोपाच भिडू पुन्हा देते, जिंकलात की पुढचा. म्हणजे मी मायेने हरत होते आणि पेटी म्हणत होती, म्हातारीला जमत नाही, राहू दे हीच. मी मोठ्याने हसले. "अरे, गंमत केली," म्हटलं. फोन ठेवला, पेटीच्या वायरी काढल्या, यांच्या जुन्या मफलरमध्ये ती गुंडाळली आणि कपाटात वरच्या फळीवर टाकून दिली. नंतरचे दिवस पाच वाजता काय करायचं असतं ते मला आठवेना.

पुढच्या बाजाराला मावशी आली. पळसाच्या पानात मोहाची फुलं होती. ती नेहमीच्या जागी बसली, टीव्हीखालची रिकामी जागा तिने पाहिली, आणि काहीच बोलली नाही. केरसुणी हाताशी होती, स्टूल होतं, चहाची बशी होती; कुणालाच काही बोलली नाही. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत मी तिला इतकी गप्प पाहिली नव्हती, आणि मला भीती वाटली. आधी मी सांगितलं, गुडघे दुखतात. मग सांगितलं, पेटी बिघडली. मग एकदम सगळं सांगून टाकलं: साडेसहाची वेळ, लाडू, उशिरा हलवलेली दांडी, "कुठली पेटी", वरच्या फळीवरचा मफलर सुद्धा. सांगताना मला हसूही येत होतं आणि नाकही गळत होतं. "बावीस वर्षांची होते तेव्हा मूर्ख होते असं वाटायचं मला," मी म्हटलं, "पण मावशी, वाढतच गेलं की गं ते."

मावशीने चहा संपवला. बशी खाली ठेवली, केरसुणी बाजूला सारली, स्टूल ढकललं, आणि हात रिकामे करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली:

"बाय, जेवलीस कं इचारलं त ती बोलली नाय, तवाच मला कळलं. पर तू हासत व्हतीस. माझीबी पोरं भट्टीवर हायेत, मी काय पेटीशी खेळाया येते? काढ ती वरून. मी हाय ना हितं. आन माझ्याशी मुद्दाम हारलीस, त बाजाराला येईन, पर तुझ्याकडं नाय येनार."